‘साहेब निलंबित’ झाले, पुढे काय? सरकारी कार्यालयात महिलेला त्रास झाला तर तक्रार कुठे आणि कशी करायची

‘महिलेशी गैरवर्तन, अधिकारी तडकाफडकी निलंबित’ अशी बातमी दर काही महिन्यांनी आपल्या मोबाईलवर येते. दोन दिवस गावात, एसटी स्टँडवर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चर्चा होते. ‘बरं झालं, चांगली जिरली’ असं म्हणून आपण पुढची बातमी उघडतो. सहा-आठ महिन्यांनी तोच अधिकारी शेजारच्या तालुक्यात खुर्चीवर बसलेला दिसतो, आणि मग लोक म्हणतात, ‘सरकारी माणसाचं काही वाकडं होत नाही.’

असं का होतं? बऱ्याचदा तक्रार चुकीच्या ठिकाणी जाते, तोंडी राहते, किंवा बदली नाहीतर निलंबन झालं की सगळे थांबतात. बदली ही शिक्षा नाही आणि निलंबन हीसुद्धा शिक्षा नाही. शिक्षेपर्यंत जाणारा रस्ता वेगळा आहे. तो आज सोप्या भाषेत समजून घेऊ.

सही ज्याच्या हातात, ताकद त्याच्या हातात

वारसनोंद करायची आहे. विधवा पेन्शनचं प्रकरण अडकलंय. घरकुलाचा हप्ता थांबलाय. रोजगार हमीच्या हजेरीपटावर नाव लागलेलं नाही. अशा वेळी गावातली बाई एका सहीसाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवते. समोरचा म्हणतो, ‘संध्याकाळी या, एकट्याच या.’ रात्री अकरा वाजता ‘जेवण झालं का?’ असा मेसेज येतो. फाईल देताना हात धरला जातो. ‘तुम्ही आमचं काम करा, आम्ही तुमचं करतो’ असं हसत हसत बोललं जातं.

बाई गप्प बसते, कारण बोललं तर काम अडेल. अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशाताई, बचत गटाच्या ताई यांची अडचण तर दुहेरी आहे. त्यांचं मानधन, अहवाल, हजेरी सगळं वरच्याच्या हातात असतं. गावगुंडाने छेड काढली तर चार माणसं धावून येतात, पण साहेबाने काढली तर घरचेसुद्धा ‘जाऊ दे, आपलं काम अडकलंय’ म्हणतात. म्हणून सरकारी माणसाचं असं वागणं साध्या छेडछाडीपेक्षा गंभीर आहे. त्याने सरकारने दिलेला अधिकार स्वतःच्या वासनेसाठी वापरलेला असतो.

हा कायदा फक्त नोकरदार बाईसाठी नाही

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला आळा घालणारा कायदा 2013 साली झाला. लोक त्याला ‘पॉश कायदा’ म्हणतात. तो शहरातल्या कंपन्यांसाठी आहे असा समज आहे. हा समज चुकीचा आहे.

या कायद्यात पीडित महिलेची व्याख्या करताना ‘कोणत्याही वयाची, नोकरीला असो वा नसो’ असं लिहिलंय. म्हणजे तहसील कार्यालयात दाखल्यासाठी गेलेली शेतकरीण, पंचायत समितीत घरकुलाची चौकशी करायला गेलेली मजूर बाई, सरकारी दवाखान्यात गेलेली महिला, या सगळ्यांना तो लागू आहे. त्या कार्यालयाची नोकर असण्याची अट नाही.

मानधनावर, रोजंदारीवर, कंत्राटावर किंवा स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या महिलाही यात येतात. त्यामुळे ‘तुम्ही कायम कर्मचारी नाही, तुम्हाला तक्रारीचा हक्क नाही’ असं अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला कुणी सांगत असेल, तर ते खोटं आहे. कामानिमित्त गेलेली जागा, म्हणजे बैठक, शिबीर, पाहणी दौरा, कार्यालयाची गाडी, हेही कामाचंच ठिकाण समजलं जातं.

नको असलेला स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील बोलणं, अश्लील फोटो-व्हिडीओ दाखवणं हे सगळं लैंगिक छळात येतं. ‘ऐकलंस तर काम करतो, नाही तर अडवतो’ असं सुचवणंही त्यातच येतं.

हा कायदा एका गावातल्या बाईमुळे आला

राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करत होत्या. आपल्याकडच्या आशाताईंसारखंच हे मानधनावरचं, गावातलं काम. 1992 मध्ये त्यांनी एका चिमुकलीचा बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. तो सरकारी कामाचाच भाग होता. त्याचा राग धरून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना त्या आरोपातून सोडून दिलं.

ज्या सरकारचं काम करताना हे घडलं, त्या सरकारची काही जबाबदारी नाही का, असा प्रश्न घेऊन महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 13 ऑगस्ट 1997 रोजी ‘विशाखा’ निकाल आला. कामाच्या जागी महिलेच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची आहे, सरकार मालक असेल तर सरकारचीही आहे, आणि प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती हवी, असं न्यायालयाने सांगितलं. पुढे समित्या कागदावरच राहतात म्हणून पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल लेले सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. 2012 च्या त्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की समितीचा अहवाल हाच खातेनिहाय चौकशीचा अहवाल मानला जावा. म्हणजे समितीसमोर एकदा आणि खात्यासमोर पुन्हा पहिल्यापासून, असं बाईला फिरवायचं नाही.

तक्रारीची तीन दारं

एकाच घटनेची तक्रार तीन ठिकाणी होऊ शकते. एक दार ठोठावलं म्हणून दुसरं बंद होत नाही.

पहिलं दार : समिती

दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात ‘अंतर्गत समिती’ असलीच पाहिजे. अध्यक्ष त्या कार्यालयातली वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेतला, अशी तिची रचना असते.

तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, किंवा ग्रामसेवक म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांच्या कार्यालयात दहा माणसं नसतात. मग काय? त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात ‘स्थानिक समिती’ असते. जिथे दहापेक्षा कमी कर्मचारी म्हणून अंतर्गत समिती नाही, किंवा तक्रार थेट कार्यालयाच्या प्रमुखाविरुद्ध आहे, तिथे ही समिती ऐकते. तिची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे मिळायला हवी. जिल्ह्याला जाणं जमत नसेल तर तालुक्याला ‘नोडल अधिकारी’ नेमलेला असतो. त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची असते. केंद्र सरकारच्या ‘शी-बॉक्स’ या वेबसाईटवर मोबाईलवरूनही तक्रार करता येते.

त्रास देणारा दुसऱ्या खात्याचा असेल तरी अडचण नाही. महिला जिथे काम करते तिथली समितीही दुसऱ्या खात्यातल्या माणसाविरुद्धची तक्रार ऐकू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे.

मुदत लक्षात ठेवा. घटनेपासून (अनेकदा घडलं असेल तर शेवटच्या घटनेपासून) तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. चौकशी 90 दिवसांत संपवायची, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यावर 60 दिवसांत कारवाई करायची, असं कायदा सांगतो.

चौकशी चालू असताना ‘मला त्या साहेबाच्या हाताखाली ठेवू नका’ अशी लेखी मागणी कर्मचारी महिला करू शकते. तिची किंवा त्याची बदली, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा, तिचा गोपनीय अहवाल त्याने लिहू नये, अशी शिफारस समिती करू शकते.

दुसरं दार : पोलीस

लैंगिक छळ हा फौजदारी गुन्हाही आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 75 प्रमाणे नको असलेला स्पर्श, शरीरसुखाची मागणी किंवा जबरदस्तीने अश्लील चित्र दाखवणं यासाठी तीन वर्षांपर्यंत, तर अश्लील शेरेबाजीसाठी एक वर्षापर्यंत कैद आहे. विनयभंगासाठी कलम 74 आहे. त्यात एक ते पाच वर्षांची शिक्षा आहे. पाठलाग करणं, सारखे मेसेज करणं हे कलम 78 मध्ये येतं.

‘तिचीही तयारी होती’ हा साहेब लोकांचा नेहमीचा बचाव. त्यासाठी कलम 68 वाचा. सरकारी नोकराने आपल्या पदाचा गैरवापर करून, आपल्या ताब्यातल्या, देखरेखीखालच्या किंवा त्या आवारात असलेल्या महिलेला शरीरसंबंधाला राजी केलं, तर तो बलात्कार ठरत नसला तरीही गुन्हा आहे. शिक्षा पाच ते दहा वर्षं सक्तमजुरी.

हा धडा कायद्याने महाराष्ट्रातूनच घेतला. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचं प्रकरण घडलं. ते ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं, कारण मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही. ठाण्यात, पोलिसांसमोर गरीब मुलगी काय ओरडणार? देशभर महिला रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस किंवा सरकारी नोकराने ताब्यातल्या महिलेवर केलेल्या बलात्काराला तेव्हापासून जास्त कडक शिक्षा आहे.

गावात आणखी एक गैरसमज आहे, की सरकारी माणसावर गुन्हा दाखल करायला वरून परवानगी लागते. या गुन्ह्यांसाठी खटला चालवायला सरकारची मंजुरी लागत नाही, असं कायद्यात स्पष्ट आहे. घटना कुठल्याही हद्दीतली असो, कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते. महिलेचा जबाब महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात नोंद घेतली नाही तर तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. बलात्कार, विनयभंगासारख्या गंभीर गुन्ह्याची नोंद घ्यायला नकार देणारा पोलीस स्वतः गुन्हेगार ठरू शकतो. महिला अनुसूचित जाती-जमातीतली आणि आरोपी बाहेरचा असेल, तर ॲट्रॉसिटी कायद्याची कलमंही लावायला सांगा.

तिसरं दार : लाचलुचपत विभाग

हे दार फार कमी लोकांना माहीत आहे. लाच म्हणजे फक्त पैसे नाहीत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात पैशात मोजता न येणारा लाभही लाचच धरला जातो. म्हणजे काम करून देण्यासाठी शरीरसुख मागणं ही लाच मागणं आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं.

मार्च 2021 मध्ये जयपूरमध्ये राजस्थानच्या लाचलुचपत पथकाने एका सहायक पोलीस आयुक्ताला याच आरोपाखाली अटक केली. तपासात मदत करण्यासाठी तक्रारदार महिलेकडेच त्याने शरीरसुखाची मागणी केल्याचा आरोप होता, आणि त्याची नेमणूक महिला अत्याचारांच्या तपासासाठीच होती.

महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक 1064 आहे. मागणी झाली की लगेच फोन करा. पुढचं काय करायचं, कुणाला भेटायचं ते त्यांचे अधिकारी सांगतात. स्वतःहून सापळा रचायला जाऊ नका.

निलंबन झालं, आता थांबायचं का?

नाही. निलंबन म्हणजे चौकशी होईपर्यंत माणसाला खुर्चीपासून दूर ठेवणं. त्या काळात त्याला निर्वाह भत्ता मिळतो. सरकारी नोकर 48 तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर तो आपोआप निलंबित मानला जातो, हासुद्धा नियमच आहे, शिक्षा नव्हे. आणि बदलीने तर फक्त त्रास शेजारच्या तालुक्यात जातो.

खरी शिक्षा म्हणजे वेतनवाढ रोखणं, पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, बडतर्फी. ती चौकशीच्या अहवालावरच होते. म्हणून तक्रारदाराने तीन कागद मागत राहायचे : तक्रारीची पोच, चौकशी अहवालाची प्रत आणि अहवालावर काय कारवाई झाली त्याचं पत्र. समितीचा निर्णय मान्य नसेल किंवा शिफारशीवर कारवाई झाली नाही, तर 90 दिवसांत अपील करता येतं.

पद मोठं असलं तरी हा रस्ता शेवटापर्यंत जातो, पण वेळ लागतो. तमिळनाडूत 2021 मध्ये एका महिला आयपीएस अधिकाऱ्याने पोलीस खात्यातल्या विशेष महासंचालकाविरुद्ध तक्रार केली. जून 2023 मध्ये विलुप्पुरमच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. तक्रार द्यायला निघालेल्या त्या अधिकाऱ्याची गाडी वाटेत अडवणाऱ्या पोलीस अधीक्षकालाही दोषी धरलं, दंड मात्र 500 रुपये. प्रकरण पुढे अपिलात गेलं. एवढ्या मोठ्या पदावरच्या बाईची गाडी अडवली जाते, तर आपल्या गावातल्या ताईला एकटीला सोडून कसं चालेल?

चौकशी घाईची नको, नीट हवी

आरोपीलाही बाजू मांडायचा हक्क आहे, आणि तो पाळणं तक्रारदाराच्याच फायद्याचं आहे. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाला लैंगिक छळाच्या चौकशीनंतर बडतर्फ केलं होतं. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून चौकशी पुन्हा करायला सांगितलं, कारण समितीने शेवटी घाई केली आणि त्याला पुरेशी संधी दिली नाही. इतक्या वर्षांनी सगळं मागे. याच प्रकरणात न्यायालयाने देशभरातल्या समित्या तपासायला सांगितलं, आणि डिसेंबर 2024 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती व तालुक्याला नोडल अधिकारी नेमण्यासाठी तारखा घालून दिल्या.

‘सिद्ध झालं नाही तर माझ्यावरच कारवाई होईल’ ही भीतीही काढून टाका. पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. मुद्दाम, वाईट हेतूने खोटी तक्रार केली हे चौकशीत सिद्ध झालं तरच कारवाई होते.

तक्रार करताना हे करा

• मेसेज, कॉलची यादी, रेकॉर्डिंग काहीही डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ मोबाईल जपून ठेवा.

• घडल्या दिवशीच तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, काय बोलणं झालं ते वहीत लिहा. विश्वासातल्या एका माणसाला त्याच दिवशी सांगा. तो पुढे साक्षीदार होऊ शकतो.

• कार्यालयात कशासाठी गेला होता त्याचा कागद, म्हणजे अर्जाची पोच किंवा टोकन, जोडा.

• तक्रारीत ‘गैरवर्तन केले’ एवढंच मोघम लिहू नका. नेमकं काय केलं, काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहा. लाजेने गाळलेलं वाक्य पुढे चौकशीत सांगितलं, तर ‘आधी का नाही सांगितलं?’ असं विचारलं जातं.

• आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

• वकील फुकट मिळतो. महिलांना मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारात असते. फोन 15100. महिला हेल्पलाईन 181, तातडीची मदत 112.

गावाने काय करू नये

सगळ्यात आधी, तडजोड. ‘साहेबाने माफी मागितली, काही रक्कम दिली, आता मिटवा’ असं पुढारी सांगतात. समितीसमोर समेट फक्त तक्रारदार बाईने स्वतः मागितला तरच होतो, आणि पैसे देऊन तर तो करताच येत नाही. अत्याचाराचा गुन्हा चावडीवर मिटवायचा विषय नाही.

दुसरं, मोबाईल. पॉश कायद्यात तक्रारदार, आरोपी, साक्षीदार यांची नावं आणि चौकशीतली माहिती जाहीर करायला बंदी आहे. ती माहिती माहितीच्या अधिकारातही मिळत नाही. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘आपल्या गावची अमक्याची सून’ एवढं लिहिलं तरी ओळख पटते. असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका.

मात्र एक गोष्ट कुणीही करू शकतो. पुढच्या वेळी तहसील, पंचायत समिती किंवा ग्रामीण रुग्णालयात जाल तेव्हा भिंतीकडे बघा. अंतर्गत समिती स्थापन केल्याचा आदेश ठळक जागी लावणं कायद्याने बंधनकारक आहे. समिती नेमलीच नसेल तर 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आदेश दिसला नाही तर माहितीच्या अधिकारात साधा अर्ज टाका : समिती आहे का, सदस्य कोण, गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या? यात कुणाचंही नाव उघड होत नाही. ग्रामसभेतही हा प्रश्न विचारता येतो.

तो प्रश्न आज कुणीतरी विचारून ठेवला, तर उद्या एखादी ताई कागद घेऊन कार्यालयात एकटी जाईल तेव्हा समोरच्याला माहीत असेल, की इथे बघणारं कुणीतरी आहे.